एसीएलएस प्रमाणपत्र आणि सोलापूर जिल्ह्यातील तातडीचे हृदयोपचार

हृदयविकाराचा झटका येणे आणि हृदय बंद पडणे या दोन वेगळ्या घटना आहेत. झटक्यात हृदयाला रक्त पुरवणारी एखादी धमनी गुठळीने बंद होते. रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो, बोलतो, घामाने डबडबलेला असतो आणि छाती आवळल्यासारखी वाटते असे सांगतो. हृदय बंद पडते तेव्हा माणूस कोसळतो, हाकेला ओ देत नाही, त्याचा श्वास थांबतो किंवा तो नुसते आचके देत राहतो. पहिल्या घटनेचे दुसरीत रूपांतर केव्हाही होऊ शकते आणि त्याचा धोका सुरुवातीच्या तासाभरात सर्वाधिक असतो. अ‍ॅडव्हान्स्ड कार्डिअ‍ॅक लाइफ सपोर्ट, म्हणजेच एसीएलएस, हे डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णवाहिकेवरील कर्मचाऱ्यांसाठीचे प्रशिक्षण आहे. बंद पडलेले हृदय पुन्हा चालू कसे करावे, बिघडलेली लय कशी ओळखावी आणि रुग्ण कोसळण्याआधीच त्याला कसे सावरावे, हे त्यात शिकवले जाते.

या शास्त्राचे वय फार नाही. अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी 1960 साली, छाती न उघडता बाहेरून दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवता येते, हे दाखवून दिले. 1974 साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने प्रसिद्ध केलेल्या मानकांत औषधे, विजेचा झटका आणि श्वासमार्गाची काळजी यांचाही समावेश झाला. आजचा एसीएलएस अभ्यासक्रम त्यातूनच वाढला. दर पाच वर्षांनी त्याची मोठी फेरतपासणी होते. अलीकडच्या दोन 2020 आणि 2025 सालच्या. त्यामुळे जुने मॅन्युअल मित्राकडून उसने आणून अभ्यास करण्याआधी ते कोणत्या आवृत्तीचे आहे हे पाहून घ्यावे. अ‍ॅट्रोपिनची मात्रा हे साधे उदाहरण घेता येईल. मंदावलेल्या हृदयगतीसाठी पूर्वी 0.5 मिलिग्रॅमपासून सुरुवात करत. 2020 पासून ती 1 मिलिग्रॅम झाली. जुने पुस्तक पाठ केलेला उमेदवार नेमका अशाच प्रश्नांत अडकतो.

रुग्णालयाच्या दाराबाहेर

हृदय बंद पडल्यावर छाती दाबली नाही आणि शॉक मिळाला नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला सुमारे 7 ते 10 टक्क्यांनी घटत जाते. हा हिशेब मांडला की एसीएलएस शिकलेला डॉक्टर कितीही कुशल असला तरी तो पोहोचेपर्यंतची मिनिटे दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असतात, हे मान्य करावे लागते. ती मिनिटे शेजाऱ्याच्या, यंत्रमागावरच्या जोडीदाराच्या किंवा एसटीतल्या कंडक्टरच्या हातात असतात.

सोलापूरकडे या मिनिटांत हमखास होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. छातीत दुखू लागले की पहिला संशय गॅसवर जातो. शेंगा चटणी जास्त झाली, रात्री उशिरा जेवण झाले, असे निदान घरातच होते आणि सोडा, लिंबू, ओवा यांत तास-दोन तास निघून जातात. एप्रिल-मे महिन्यांत पारा 43-44 अंशांवर गेलेला असतो. मग घाम, मळमळ आणि चक्कर यांचे खापर उन्हावर फुटते आणि रुग्णाला कांद्याचा रस पाजून सावलीत झोपवले जाते. मधुमेही व्यक्ती, वयस्क माणसे आणि स्त्रिया यांच्यात छातीत फारसे न दुखताही झटका येऊ शकतो. नुसती धाप, जबडा किंवा डावा हात भरून येणे, पोटाच्या वरच्या भागात जडपणा, एवढेच लक्षण असू शकते. ऊन लागले की झटका आला हे चेहऱ्यावरून ठरत नाही. ते ईसीजीवर ठरते.

रुग्ण कोसळल्यावरची चूक याहून महाग पडते. हृदय बंद पडताना शरीराला क्षणभर झटके येऊ शकतात आणि नंतर आचके येतात. बघणाऱ्यांना ती फिट वाटते. मग कांदा हुंगवला जातो, चप्पल नाकाशी धरली जाते, दातांत चमचा घालण्याची धडपड होते. यातले काहीही करू नये. हाक मारून, खांदे हलवूनही माणूस उठत नसेल आणि नेहमीसारखा श्वास घेत नसेल, तर एकाने 108 या रुग्णवाहिका क्रमांकाला फोन लावावा आणि दुसऱ्याने लगेच छाती दाबायला सुरुवात करावी. रुग्ण कडक जमिनीवर उताणा असावा. एका तळहाताची टाच (मनगटालगतचा भाग) छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर ठेवावी, दुसरा हात त्यावर गुंफावा, कोपरे ताठ ठेवावीत. मिनिटाला 100 ते 120 या वेगाने, 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाब द्यावा आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. दोन मिनिटांत कुणाचीही दमछाक होते, म्हणून माणूस बदलावा. बरगडी मोडेल या भीतीने हलके दाबण्यात अर्थ नसतो; मोडलेली बरगडी जुळते.

सामान्य नागरिकांसाठी इंडियन सोसायटी ऑफ अ‍ॅनेस्थेसिऑलॉजिस्ट्सच्या पुढाकाराने 2017 साली भारतीय मार्गदर्शक सूचना तयार झाल्या. त्यात नागरिकांसाठीच्या पद्धतीला कॉल्स, म्हणजे फक्त छाती दाबण्यावर आधारलेली जीवरक्षण पद्धत, असे नाव आहे. तोंडाने श्वास देण्याची अट त्यात नाही. संकोच आणि संसर्गाची भीती या दोन्ही अडचणी त्यामुळे दूर होतात. हे प्रशिक्षण तासाभरात होते. कुंभारीच्या विडी घरकुल आणि रे नगर वसाहतींत, शहराच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यांत, साखर कारखान्यांच्या आवारात ते व्हावे. मात्र ते मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही दिले गेले पाहिजे. पूर्व भागातल्या कित्येक घरांत आजीला दुखणे तेलुगूतच सांगता येते.

झटका आलेल्या पण शुद्धीवर असलेल्या रुग्णाला जिना चढवू-उतरवू नये आणि मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नये. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी, पोटात रक्तस्राव किंवा मेंदूत रक्तस्रावाचा इतिहास नसेल, तर सुमारे 300 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावून खाण्यास डॉक्टर किंवा 108 वरील कर्मचारी सांगू शकतात. सॉर्बिट्रेटची गोष्ट वेगळी. ती जिभेखाली ठेवायची गोळी अनेकांच्या खिशात असते आणि शेजारच्यालाही उदारपणे दिली जाते. रक्तदाब आधीच घसरलेला असेल किंवा झटका हृदयाच्या उजव्या बाजूचा असेल, तर ती रक्तदाब धोकादायकरीत्या खाली नेते. डॉक्टरने त्या रुग्णासाठी लिहून दिली नसेल, तर ती देऊ नये.

कोणी कोणता कोर्स करावा

प्रशिक्षणाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. नागरिक, शिक्षक, पोलीस, वाहक-चालक यांच्यासाठी कॉल्स पुरेसे आहे. दवाखान्यात काम करणाऱ्या प्रत्येकाने, अगदी एक्स-रे विभागातल्या तंत्रज्ञापासून फिजिओथेरपिस्टपर्यंत, बेसिक लाइफ सपोर्ट म्हणजे बीएलएस करावे. अतिदक्षता विभाग, कॅज्युअल्टी, शस्त्रक्रिया विभाग, डायलिसिस, कॅथलॅब आणि रुग्णवाहिका येथे काम करणारे डॉक्टर आणि परिचारिका यांच्यासाठी एसीएलएस आहे. बीएलएस हाताशी पक्के नसताना एसीएलएसला जाणे म्हणजे पैसे आणि दोन दिवस वाया घालवणे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2023 च्या पदव्युत्तर नियमांत सर्वच शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी हृदयजीवरक्षणाच्या प्रशिक्षणाचा समावेश आहे. त्यामुळे त्वचारोग किंवा नेत्रशास्त्राच्या निवासी डॉक्टरांनाही हे आता आपल्या कामाचे नाही असे म्हणता येत नाही.

अमेरिकन हार्ट असोसिएशनशिवाय भारतात इतरही अभ्यासक्रम आहेत. वर उल्लेखलेल्या भारतीय सूचनांत डॉक्टरांसाठी प्रगत टप्पाही आहे आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचा एनईएलएस हा आपत्कालीन उपचारांचा कोर्स आहे. कोणता घ्यावा हे गरजेवर ठरते. जिल्ह्यातच सेवा करायची असेल तर भारतीय कोर्सचा आशय पुरेसा आहे. आखाती देशांत किंवा मोठ्या खासगी रुग्णालय-साखळ्यांत नोकरी शोधणाऱ्या परिचारिकेकडे मात्र बहुतेक ठिकाणी अमेरिकन हार्ट असोसिएशनचेच कार्ड मागितले जाते.

सोलापुरात 1963 पासून चालू असलेले डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि कुंभारीचे अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय अशी दोन वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथे एखाद्या कार्यशाळेची घोषणा झाली आहे का याची आधी चौकशी करावी. नसेल तर पुणे, मुंबई आणि हैदराबाद येथील मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांत नियमित तुकड्या होतात. कोर्स सलग दोन दिवसांचा असल्याने मुक्कामाचा खर्च फीमध्ये धरून चालावे. एका रुग्णालयातील आठ-दहा जण एकत्र जाणार असतील, तर प्रशिक्षकांनाच सोलापुरात बोलावणे स्वस्त पडते आणि त्याचा आणखी एक फायदा आहे: रात्रपाळीला एकत्र काम करणारी माणसे एकत्रच शिकतात.

तयारी आणि दोन दिवसांचे स्वरूप

कोर्सआधी ऑनलाइन स्वयंमूल्यमापन चाचणी द्यावी लागते आणि त्यात किमान 70 टक्के गुण मिळवावे लागतात. तिचे तीन भाग असतात: ईसीजीवरील लय ओळखणे, औषधे आणि प्रत्यक्ष प्रसंग. बहुतेकांची गाडी पहिल्या भागात अडते. मॅन्युअल आणि कोर्सची भाषा इंग्रजी असते. मराठी किंवा कन्नड माध्यमातून शिकलेल्या परिचारिकांना विषय येत असतो, पण प्रश्न वाचण्यातच त्यांचा वेळ जातो. त्यांनी किमान तीन आठवडे आधी पुस्तक हातात घ्यावे आणि औषधांची नावे, मात्रा, दोन मात्रांमधले अंतर यांचा एक पानी तक्ता स्वतःच्या अक्षरात करावा.

पाठ असावे असे फार नाही, पण जे आहे ते पक्के असावे. हृदय बंद पडल्यावर अ‍ॅड्रेनलिन 1 मिलिग्रॅम, दर 3 ते 5 मिनिटांनी. शॉकला दाद न देणाऱ्या व्हीएफमध्ये (हृदयाचे खालचे कप्पे नुसते थरथरतात अशा लयीत) अमिओडारोन आधी 300, मग 150 मिलिग्रॅम. बायफेजिक मशीनवर शॉक बहुधा 120 ते 200 ज्यूल, यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या सूचनेप्रमाणे. जुन्या मोनोफेजिक मशीनवर 360. एसव्हीटी या अतिवेगाच्या लयीसाठी अ‍ॅडिनोसिन 6 आणि मग 12 मिलिग्रॅम, वेगाने टोचून लगेच सलाईन ढकलावे. श्वासनलिकेत नळी घातल्यावर दर 6 सेकंदांनी एक श्वास, आणि त्यानंतर छाती दाबणे श्वासासाठी थांबवायचे नाही. सिनेमांत मॉनिटरवरची रेषा सपाट झाली की डॉक्टर शॉक देतात. प्रत्यक्षात सपाट रेषेला शॉकचा काही उपयोग नसतो. तेथे दाब आणि अ‍ॅड्रेनलिन हाच मार्ग. हे चुकणारा उमेदवार दरवर्षी प्रत्येक तुकडीत एखादा तरी सापडतोच.

परीक्षेचा कस लागतो तो मेगाकोडमध्ये, म्हणजे पुतळ्यावरच्या सांघिक प्रात्यक्षिकात. पुतळा पलंगावर, मॉनिटर चालू, भोवती सहा जण. एक दाबतो, दुसऱ्याकडे अ‍ॅम्ब्यू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी), तिसरा डिफिब्रिलेटरवर, चौथ्याकडे सलाईन आणि औषधे, पाचवा वेळ टिपतो. परीक्षा असते ती पायथ्याशी उभ्या असलेल्या सहाव्याची, म्हणजे पथकप्रमुखाची. प्रशिक्षक सांगतो, 58 वर्षांचे गृहस्थ, छातीत दुखत होते, आत्ता बोलायचे थांबले. पथकप्रमुखाने नाडी पाहायला दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ घ्यायचा नसतो. मॉनिटरवर व्हीएफ दिसते. तो चार्ज करायला सांगतो, चार्ज होईपर्यंत दाबणे चालूच राहते, सगळ्यांना बाजूला करून शॉक देतो आणि शॉकनंतर मॉनिटरकडे न पाहता लगेच दाबायला लावतो. नवशिके येथेच चुकतात: शॉक दिला की सगळे मान वर करून पडद्याकडे बघत राहतात आणि आठ-दहा सेकंद कुणीच दाबत नाही. अ‍ॅड्रेनलिन द्या असे सांगितल्यावर औषधावरच्याने ते मोठ्याने म्हणायचे असते: एक मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनलिन दिले. सांगितलेले ऐकले गेले आणि झाले, हे दोन्ही त्यातून कळते. कनिष्ठाने वरिष्ठाची चूक दाखवणेही येथे अपेक्षित असते. आपल्याकडे वरिष्ठ डॉक्टरांपुढे सिस्टरने तोंड उघडायचे नाही अशी जी रीत आहे, ती या दोन दिवसांत तरी मोडावीच लागते.

दाबण्याचे कौशल्य आणि अ‍ॅम्ब्यू बॅग यांची वेगळी चाचणी होते. लेखी परीक्षा 50 प्रश्नांची आणि उत्तीर्ण होण्यासाठी 84 टक्के गुण हवेत. परीक्षेत मॅन्युअल जवळ ठेवता येते, पण पाने चाळत उत्तरे शोधणाऱ्याला वेळ पुरत नाही.

कार्ड आणि त्याची किंमत

उत्तीर्ण झालेल्याला ईकार्ड मिळते आणि ते दोन वर्षे चालते. मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरणाचा छोटा कोर्स करावा. मुदत उलटून गेल्यावर बहुतेक केंद्रे पुन्हा पूर्ण कोर्स करायला लावतात. कार्डावरील क्यूआर कोड स्कॅन करून किंवा त्यावरील क्रमांक संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर टाकून खरेपणा तपासता येतो. नेमणूक करणाऱ्या रुग्णालयाने हे स्वतः करावे, उमेदवाराने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नये. घरबसल्या दोन तासांत, प्रत्यक्ष पुतळ्यावर हात न लावता एसीएलएस प्रमाणपत्र देण्याच्या जाहिराती मोबाइलवर येतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या ऑनलाइन पर्यायातही कौशल्याची चाचणी प्रत्यक्षच द्यावी लागते. हात न लावता मिळालेला कागद फ्रेम करून लावण्यापलीकडे उपयोगाचा नाही.

हे कार्ड परवाना नव्हे. कोर्स पूर्ण केल्याची ती नोंद आहे. कोणते औषध कोणी द्यावे याचे अधिकार त्यातून मिळत नाहीत, ते नोंदणी आणि रुग्णालयाच्या नियमांवर ठरतात. शिवाय कौशल्य कार्डाइतके टिकत नाही. सराव नसेल तर तीन ते सहा महिन्यांत हात विसरू लागतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. म्हणून वॉर्डात दर तिमाहीला, कुणालाही आधी न सांगता, रात्रपाळीत मॉक ड्रिल घ्यावे. त्यात माणसांपेक्षा आधी वस्तूंची परीक्षा होते. क्रॅश कार्टचे कुलूप आणि किल्ली वेगळ्या मजल्यावर, डिफिब्रिलेटरची बॅटरी उतरलेली, पॅडलला लावायची जेली सुकलेली, लॅरिंगोस्कोपचा दिवा लागत नाही, अ‍ॅड्रेनलिनच्या अ‍ॅम्प्यूलवरची तारीख मागच्या वर्षाची: छोट्या रुग्णालयांत अशा गोष्टी ड्रिलमध्येच सापडलेल्या बऱ्या. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला सिस्टरने डिफिब्रिलेटर टेस्ट मोडवर चालवून वहीत सही करावी. याला तीन मिनिटे लागतात.

जिल्ह्याचा भूगोल आणि घड्याळ

बंद धमनी लवकरात लवकर उघडणे हाच झटक्यावरचा उपचार. त्याचे दोन मार्ग आहेत. एक, कॅथलॅबमध्ये तार आणि फुगा घालून, बहुधा स्टेंट बसवून धमनी उघडणे, म्हणजे प्रायमरी अँजिओप्लास्टी. दुसरा, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन. पहिला मार्ग सरस आहे, पण तो वेळेत होणार असेल तरच. वैद्यकीय मदत मिळाल्यापासून 120 मिनिटांच्या आत फुगा फुगवला जाणार नसेल, तर वाट न पाहता इंजेक्शन द्यावे, आणि रुग्णालयात पोहोचल्यापासून ते 30 मिनिटांत सुरू व्हावे, असा दंडक आहे.

हा दंडक अकरा तालुक्यांच्या नकाशावर ठेवला की चित्र स्पष्ट होते. कॅथलॅब मुख्यतः सोलापूर शहरात एकवटलेल्या आहेत. अक्कलकोट सुमारे 40 किलोमीटर, मोहोळ त्याहून थोडे जवळ. तेथून थेट शहरात आणणे शक्य आहे. बार्शी आणि पंढरपूर 70 किलोमीटरच्या आसपास, सांगोला 80 च्या पुढे. करमाळा सव्वाशेच्या घरात आणि त्याचा, तसाच माळशिरसच्या पश्चिम भागाचा, ओढा मुळातच बारामती, पुणे किंवा अहिल्यानगरकडे. त्यात ऊस गळीत हंगामात, नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्ता अडवून चालतात. अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नाही. पहाटे चार वाजता किती आणि संध्याकाळी सात वाजता किती मिनिटे लागतात, हे प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाने लिहून ठेवावे.

थोडक्यात, जिल्ह्याच्या निम्म्याहून अधिक भागात पहिला उपचार तालुक्यातच व्हायला हवा. एसीएलएस शिकलेल्या माणसाची खरी गरज शहरातल्या वातानुकूलित अतिदक्षता विभागापेक्षा तेथे जास्त आहे. तेथे दहा मिनिटांत ईसीजी निघावा, तो वाचता येत नसेल तर मोबाइलवरून हृदयरोगतज्ज्ञाकडे जावा, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलचा लोडिंग डोस द्यावा आणि गुठळी विरघळवणारे औषध सुरू व्हावे. स्ट्रेप्टोकायनेज 15 लाख युनिट 30 ते 60 मिनिटांत सलाईनमधून देतात. टेनेक्टेप्लेज वजनानुसार एकाच टोचणीत देता येते, पण महाग पडते. हे औषध देताना किंवा दिल्यानंतर हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून डिफिब्रिलेटर रुग्णाच्या शेजारी आणि तो चालवणारा माणूस खोलीत हवा. येथे एसीएलएस पुस्तकातून बाहेर येते.

नातेवाइकांना त्या वेळी काही प्रश्न विचारले जातात. पूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला होता का, गेल्या तीन महिन्यांत लकवा किंवा डोक्याला मार, काही मोठे ऑपरेशन, संडासातून काळे रक्त? पूर्वी झटक्यासाठी स्ट्रेप्टोकायनेज दिले होते का? ते एकदा दिले असेल तर पुन्हा देत नाहीत. उत्तरे घाबरून ‘काही नाही, काही नाही’ अशी देऊ नयेत. जुने डिस्चार्ज कार्ड असेल तर ते आधी पुढे करावे.

इंजेक्शनने काम संपत नाही. औषधाने धमनी उघडली तरी पुढच्या 24 तासांत अँजिओग्राफीसाठी शहरात हलवावे लागते, आणि दीड तासाने दुखणे व ईसीजी सुधारले नाहीत तर तातडीने. तमिळनाडूत लहान रुग्णालये आणि कॅथलॅब असलेली केंद्रे यांना अशाच पद्धतीने जोडण्याचा प्रयोग झाला. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अभ्यासात सुमारे 2,400 रुग्ण होते आणि वर्षभरातील मृत्यूंचे प्रमाण 17.6 टक्क्यांवरून 14.2 टक्क्यांवर आले. भर नव्या औषधावर नव्हता. कोणी कोणाला फोन करायचा आणि रुग्ण कुठे पाठवायचा हे ठरलेले होते.

108, रस्ता आणि वारी

महाराष्ट्र आपत्कालीन वैद्यकीय सेवा 2014 च्या जानेवारीत सुरू झाली. सुरुवातीच्या 937 रुग्णवाहिकांपैकी 233 प्रगत आणि 704 मूलभूत जीवरक्षक सुविधेच्या होत्या, आणि गाडीवर डॉक्टर असतो हे या सेवेचे वैशिष्ट्य. फोन करताना ‘छातीत दुखतंय, घाम आलाय’ किंवा ‘बेशुद्ध आहे, श्वास नाही’ असे थेट सांगावे. म्हणजे शक्य असेल तेथे प्रगत गाडी पाठवता येते. सांगोला, मंगळवेढा, माढा भागात लोक गावात कमी आणि रानात वस्तीवर जास्त राहतात. गावाचे नाव सांगून गाडी वस्तीपर्यंत येत नाही. जवळचा फाटा, कॅनॉल, दूध संकलन केंद्र अशी खूण सांगावी आणि एकाला दिवे लावलेल्या मोटारसायकलसह फाट्यावर उभे करावे. गाडी यायला फारच वेळ लागणार असेल, तर खासगी वाहनाने निघून वाटेतल्या, ईसीजी होणाऱ्या जवळच्या रुग्णालयात आधी थांबावे. थेट सोलापूर गाठण्याच्या हट्टात वाटेतच माणूस गमावल्याच्या घटना कमी नाहीत.

आषाढीला पंढरपुरात लाखो वारकरी जमतात आणि त्यांतले बरेच साठीच्या पुढचे, पंधरा-वीस दिवस चालून आलेले असतात. 2023 पासून राज्य सरकारने ‘आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी’ या नावाने पालखी मार्गावर आणि पंढरपुरात आरोग्यसेवा उभ्या केल्या. वाखरीच्या तळावर किंवा चंद्रभागेच्या वाळवंटात रुग्णवाहिका गर्दीतून सरकू शकत नाही. तेथे पायी किंवा दुचाकीवर फिरणारे, पाठीवर एईडी (लय स्वतः ओळखून शॉक देणारे छोटे यंत्र) घेतलेले प्रशिक्षित पथक उपयोगी पडते, आणि दिंडीतल्या दोन-चार तरुणांना निघण्यापूर्वी छाती दाबणे शिकवलेले असेल तर त्याहूनही अधिक. हेच अक्कलकोटच्या स्वामी समर्थ मंदिराला आणि सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला लागू आहे.

कागद आणि पैसे

रुग्ण एका रुग्णालयातून दुसरीकडे जातो तेव्हा चिठ्ठीवर चार वेळांची नोंद असावी: दुखणे सुरू झाले ती, पहिला ईसीजी काढला ती, इंजेक्शन सुरू केले ती आणि गाडी निघाली ती. सोबत दिलेली औषधे आणि त्यांच्या मात्रा. ईसीजीचा कागद उष्णतेने उमटणारा असल्याने काही महिन्यांत फिका पडतो आणि उन्हात गाडीच्या काचेजवळ ठेवला तर लगेच काळवंडतो. त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, जमल्यास झेरॉक्सही.

राज्याची जीवनदायी योजना 2 जुलै 2012 रोजी पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत सोलापूर होता. आता ती महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते आणि अँजिओप्लास्टी, बायपास यांचा तीत समावेश आहे. ती फक्त योजनेत असलेल्या रुग्णालयांत लागू होते. तेथे आरोग्यमित्राचा टेबल असतो. रेशनकार्ड आणि आधार दाखवून नोंद होते. अत्यवस्थ रुग्णाला आधी दाखल करून घेऊन कागद नंतर देण्याची सोयही आहे, तेव्हा कागदांसाठी रुग्णाला घरी अडवून ठेवू नये. चौकशीसाठी 155388 हा क्रमांक आहे. योजनेत न बसणाऱ्या गरीब रुग्णांसाठी धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा मोफत आणि 10 टक्के सवलतीच्या दरात राखीव असतात. स्टेंटच्या किमतीवर 2017 पासून सरकारी मर्यादा आहे. बिलात स्टेंटचा प्रकार आणि किंमत वेगळी लिहून मागण्याचा हक्क नातेवाइकांना आहे.

ज्या घरात मधुमेह, रक्तदाब, तंबाखू किंवा आधीचा झटका आहे, त्या घराने आजच दोन गोष्टी शोधून ठेवाव्यात: रात्री दोन वाजताही ईसीजी काढून गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देणारे तालुक्यातले रुग्णालय कोणते, आणि चोवीस तास कॅथलॅब चालू असलेले, योजनेत बसणारे शहरातले रुग्णालय कोणते. दोन्हींचे फोन क्रमांक 108 च्या खाली, घरातल्या लहान-थोर सगळ्यांना दिसतील असे भिंतीवर लिहावेत.